पोलादाची अंगठी आणि आत्याची बाटली

अंगठी सोन्याची घ्यायची नाही, एवढंच अपूर्वने ठरवलं होतं. यात त्याने कोणाचं काय घोडं मारलं होतं, तुम्हीच सांगा. पण साक्षगंध (पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात आणि चार पेढ्यांत उरकतात) म्हटलं की आपल्या नागपुरात नवरदेवाच्या मतापेक्षा हॉलच्या पडद्यांचा रंग जास्त महत्त्वाचा. नवरदेवाने शेरवानी घालावी, हसावं आणि गप बसावं. अपूर्वला तिसरी गोष्ट जन्मात जमली नाही.

बरं, यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. हिमानी म्हणजे गुरांची डॉक्टर. पाहायच्या कार्यक्रमात दोघांना 'मोकळं बोला' म्हणून गच्चीवर पाठवलं, आणि ती खरंच मोकळं बोलली. सोन्याची अंगठी मी घालणार नाही, म्हणाली. आधीची एका म्हशीच्या पोटात गेली. हात आत घातला होता, हात परत आला, अंगठी नाही आली. अपूर्व कळमेश्वरच्या एमआयडीसीत स्प्रिंगांच्या कारखान्यात इंजिनीअर. या एका वाक्यावर तो गडी आडवा झाला. म्हणाला, मी तुला पोलादाची करून देतो, नक्षीची, स्वतःच्या हाताने. तीही म्हशीने गिळली तर दुसरी ठोकून देईन.

मग सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून तो कारखान्यात जाऊ लागला. काळपट पोलादाच्या आणि चमकत्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, भट्टीत लाल करायच्या, ठोकायच्या, दुमडायच्या, परत ठोकायच्या. शेवटी अ‍ॅसिडमध्ये बुडवलं की दोन्ही पोलादांच्या रेषा वेगवेगळ्या उठून दिसतात आणि नक्षी तयार. ठोकायची पद्धत बदलली की नक्षी बदलते. त्याने तीन नमुने करून हिमानीपुढे ठेवले. थेंबांचा नमुना तिला गोचिडांसारखा वाटला. शिडीचा पाहून बरगड्यांचा एक्सरे आठवला. तिसरा लाटांचा होता. तो तिने बराच वेळ बोटात फिरवला आणि म्हणाली, हाच. अपूर्व त्या दिवशी कळमेश्वरहून घरापर्यंत गाणी म्हणत आला (गळा नाही, पण हेल्मेट होतं, त्यामुळे कोणाला त्रास झाला नाही).

घरी आल्यावर गाणं थांबलं. वडील वामनराव लकडगंजमधले लाकडाचे व्यापारी. आई इंदुताई. आणि लग्नकार्याच्या निमित्ताने काटोलहून मुक्कामाला आलेली सुभद्राआत्या, जिच्यापुढे वामनराव या वयातही खाली मान घालून जेवतात.

आत्याने अंगठी हातात घेतली नाही, लांबूनच पाहिली. लोखंड म्हणजे शनी, हे तिने शांतपणे सांगितलं. लोखंडाची अंगठी साडेसातीवाले घालतात, मधल्या बोटात, आणि तीही गपचूप. नवरीच्या बोटात कोणी शनी घालतं का?

"आत्या, लोखंड नाही वं, पोलाद आहे."

"मंग पोलाद काय आंब्याच्या झाडाले लागते?"

वामनरावांनी दुसऱ्याच दिवशी सोनाराकडून एक सोन्याची अंगठी आणली आणि कुडत्याच्या खिशात ठेवून दिली. मात्र तो लाटांचा नमुना त्यांनी गुपचूप खिडकीच्या उजेडात धरून पाहिला होता. अस्सल सागाच्या फळीसारख्या रेषा होत्या. पण बोलले नाहीत, बहीण घरात होती. अपूर्वला खिशातल्या अंगठीचा पत्ता लागला आणि त्याचं डोकं फिरलं. हिमानीच्या बोटात पोलादाचीच जाईल, नाहीतर साक्षगंधच होणार नाही, असं त्याने भर पंगतीत जाहीर करून टाकलं. इंदुताईंनी शुभ बोल रे म्हणून त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्यांच्याकडे सगळ्या भांडणांवर हाच इलाज आहे.

साक्षगंध शहराच्या कडेला, बेसा भागातल्या हॉलमध्ये, आणि हॉल मिळाला शनिवारचा. आत्या त्यावरही बोलली होतीच. येताना वाटेत शनिमंदिर लागतं म्हणून तिने पर्समध्ये तेलाची छोटी बाटली घेतली होती, पण गाडी उशीर झाला म्हणून थांबली नाही. तेव्हा ती बाटली घेऊन नवरदेवाच्या खोलीत आली. एवढंच म्हणाली की बाप्पा, दोन थेंब लावू दे त्या अंगठीले, माझ्या मनाचं समाधान.

दोन थेंबांनी काय बिघडणार होतं? काही नाही. पण अपूर्वच्या अंगात जिद्द संचारली होती. त्याने डबीतून अंगठी काढली आणि आत्याच्या डोळ्यांदेखत स्वतःच्याच बोटात घातली. तीही मधल्या.

"हे घे, शनीच्याच बोटात घातली. काय करते तुझा शनी, पाहू."

शनीने काही केलं नाही. अंगठी तेवढी निघेना.

हिमानीची बोटं गुरं आवरून मजबूत झालेली, म्हणून तिची अंगठी अपूर्वच्या बोटाच्या पेरावरून जोर लावल्यावर गेली तरी. परत यायला मात्र तयार नव्हती. साबण लावून झाला. बर्फ लावून झाला. त्याच्या मामाने दोरा गुंडाळून ओढून पाहिलं, तेव्हा बोट सोडून बाकी सगळा अपूर्व पुढे आला. बोट फुगून गुलाबजामसारखं झालं. हॉलच्या इलेक्ट्रिशियनने पक्कड आणली, तर पक्कडीचाच दात गेला. अशा अवस्थेतही हा गृहस्थ अभिमानाने म्हणतो, पाहिलं, सोन्याची असती तर तुटली असती. इंदुताईंनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आत्या बाटली घेऊन कोपऱ्यात उभी होती. तेल लावू दे म्हणाली. अपूर्व म्हणाला, काहीही लावा, त्या बाटलीतलं तेल नाही. वामनराव खिशात हात घालून उभे होते. म्हणजे आता सोन्याचीच जाणार हे अपूर्वला दिसत होतं, आणि बोटापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

तेवढ्यात हिमानीची मावशी नवरदेवाला बोलवायला आली. तिने पाहिलं ते असं: वार शनिवार, नवरदेवाच्या मधल्या बोटात लोखंडाची अंगठी, बाजूला आत्या तेलाची बाटली घेऊन. यातून जो अर्थ काढायचा तो नागपुरातलं शेंबडं पोरही काढेल. मावशी आल्या पावली मागे फिरली, आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात साऱ्या हॉलला कळलं की मुलाला साडेसाती आहे आणि मुलाकडच्यांनी ती लपवली.

हिमानीचे वडील गिरिधरराव आले. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, "वामनराव, पत्रिका दाखवली तवा हे काहून नाही सांगितलं?"

वामनरावांनी खिशातला हात बाहेर काढला. महिनाभर अंगठीच्या विरुद्ध असलेला हा माणूस अचानक छाती काढून पोरापुढे उभा राहिला.

"माझ्या पोराले साडेसाती नाही, गिरिधरराव. अक्कल नाही. तेवढं सांगायचं राहिलं. अन् अंगठी त्यानं हातानं बनवली आहे, तुमच्या पोरीसाठी. पाहून घ्या, सागासारखी रेष आहे."

गिरिधरराव अंगठी पाहायला वाकले, तेवढ्यात हिमानीच आली. पैठणी कमरेला खोचून, मागे व्हिडिओवाला. तिने कोणाला काही विचारलं नाही. अपूर्वचा हात उचलला, बोट दाबून पाहिलं, दोन्ही बाजूंनी वळवलं. गाय तपासावी तसंच.

"कारखान्यात मशीन अडकली तर काय घालता?"

अपूर्व छताकडे पाहू लागला.

"बोल ना."

"तेल," तो कसाबसा म्हणाला.

"मंग?"

मग काय. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस गप बसला, तेही बाटली उघडेपर्यंतच. हिमानीने त्याचा हात पुढे धरला आणि आत्याने बाटली उपडी केली. तेल त्याच्या बोटावर पडत होतं आणि आत्या डोळे मिटून शनिमहाराजांचं नाव घेत होती. अपूर्व शेरवानी वाचवत बजावत होता की हे फक्त वंगण आहे, बाकी काही नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नका. हिमानीने पाय भिंतीला लावला. वासरं ओढून काढते मी, म्हणाली, अंगठी काय. आणि एका हिसक्यात अंगठी बाहेर आली.

तीच तेलकट अंगठी स्टेजवर तिच्या बोटात गेली. अपूर्वने घालायच्या आधीच ती घसरत जाऊन बसली. वामनरावांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. आत्यानेही वाजवली, पण ती शनीसाठी. जिंकलं कोण, पोलाद की शनी, यावर बहीणभावांत आजही एकमत नाही.

लग्नानंतर एका शनिवारी हिमानी बेस्यापलीकडच्या एका गोठ्यात म्हैस तपासायला गेली होती. अपूर्वला सुट्टी, म्हणून तोही सोबत. त्याच्याकडे शेपूट धरायचं काम होतं. गोठेवाल्या मावशीची नजर हिमानीच्या बोटाकडे गेली.

"डॉक्टरबाई, साडेसाती चालू आहे काय वं?"

अपूर्व शेपटीमागून लगेच समजावू लागला, की हे लोखंड नाही, पोलाद आहे, दोन प्रकारचं, ठोकून. हिमानीने त्याला थांबवलं.

"साडेसाती साडेसात वर्षांत सुटते, मावशी. मी सात जन्माची घेऊन राहिली."

मावशीने अपूर्वला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिमानीच्या पाठीवरून हात फिरवला. दर शनिवारी तेल देत जाय वं बाई, म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी हिमानी अपूर्वच्या डोक्यावर तेल घालते. तो त्याला मालिश म्हणतो. आत्या काहीच म्हणत नाही, काटोलहून बाटली भरून पाठवते.