भिंतीपलीकडचा धागाभाई

भूषण कोणतीही वस्तू आधी वाजवून बघत असे. कलिंगडाचं ठीक आहे. पण हेल्मेट, लोखंडी कपाट, माझ्या दाराची नवी जाळी, काहीच त्याच्या बोटांतून सुटलं नाही. आवाज आवडला की लगेच मोबाइल पुढे करायचा. "काका, परत एकदा!" माझा खोकलासुद्धा त्याने असाच रेकॉर्ड केला. वर सूचना, "जरा दमदार खोका!"

सुरतेत आमच्या सोसायटीत तो माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. धंदा हिप-हॉपचा. गाणारी पोरं वेगळी. त्यांच्यामागचं सगळं संगीत हा बनवायचा. बारडोली, इच्छापोर, कुठून कुठून पोरं यायची. त्याच्या प्रत्येक गाण्यात लूमची, म्हणजे यंत्रमागाची, खटखट असायचीच, म्हणून ती पोरं त्याला 'धागाभाई' म्हणायची. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं. जेवायचा उभ्याने, जिना उतरायचा तालात. बेस कमी वाटला की पोरांवर ओरडायचा, "भाई, बेस ओछो छे!"

तो बेस, म्हणजे तो खालच्या सुरातला घुमणारा ठोका, माझ्या भिंतीतून यायचा. देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणायची. मी तक्रार केली की म्हणायचा, "काका, बाकी सगळं कमी करतो. बेस तेवढा राहू द्या." का, ते मी विचारलं नाही. त्याचे वडील जन्मभर लूमवर राबलेले. मी नमस्कार केला तरी ते बोलत नसत. बापलेक दोघेही उद्धट, असं मी ठरवून टाकलं आणि पोरगा नशा करतो, असं सोसायटीभर सांगत सुटलो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. माझं सगळ्यांना खरं वाटलं. त्याला खोली सोडावी लागली. लोक अजून तेच धरून बसलेत, म्हणून लिहितो: भूषण चहापलीकडे काही घेत नव्हता. तोही उभ्यानेच.

भिंत गप्प झाली आणि माझी दुपारची झोप गेली. शेवटी एका रविवारी पत्ता काढून भेस्तानला गेलो. माफीची वाक्यं रिक्षात पाठ केली होती.

भूषणने दार उघडलं. "काका, इथपर्यंत आवाज येतो काय?"

आत त्याचे वडील मोठ्या स्पीकरवर तळवा टेकून, डोळे मिटून बसले होते. पाय लूमवर असल्यासारखा हलत होता.

"लूमने कान कधीच नेले त्यांचे," भूषण म्हणाला. "बेस तेवढा हाताला कळतो. नवीन गाणं आधी त्यांनाच."

मग तो वडिलांच्या बोटांकडे बघत जमिनीवर बसला. मांडी घालून, अगदी स्वस्थ. त्याला असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"यातला मोठा ठोका तुमच्या खोकल्याचा आहे, काका."

पाठ केलेलं पहिलं वाक्य मी सुरू केलं. तेवढ्यात वडिलांनी डोळे उघडले. मला ओळखून हसले, माझा हात ओढून स्पीकरवर ठेवला आणि खोली दणाणेल अशा आवाजात अहिराणीत विचारलं,

"तुले ऐकू येस का रे भाऊ?"