सेनापतीचं तोंड

मुखरूने ओलं फडकं उचललं, आणि पृथ्वी नष्ट करायला आलेला सेनापती डोळे अर्धे मिटून मंद हसताना दिसला.

कलाबाईने दारातच चपला काढल्या. पदर सावरला, हात जोडले, वाकली. मग विचारलं, "कोनत्या गावचं हाय?"

"गावचं नाई. प्रियाच्या नाटकाचं हाय."

"नाटकाचं?"

"हेल्मेट वो. डोक्यात घालाचं."

कलाबाईने जोडलेले हात सोडले नाहीत. तसेच ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

मुखरू अठ्ठावीस वर्षं बुद्धमूर्ती करत होता. नागभीडपासून खाली अहेरीपर्यंत कितीतरी विहारांत त्याच्या मूर्ती बसल्या होत्या. या अठ्ठावीस वर्षांत त्याने दुसरं तोंड केलं नव्हतं. कोणी मागितलंच नव्हतं.

आता मागितलं होतं ते पोटच्या पोरीने. प्रियाच्या कॉलेजची एकांकिका गडचिरोलीच्या युवक महोत्सवात जाणार होती. नाव होतं 'निळा ग्रह रिकामा करा'. सेनापतीच्या भूमिकेसाठी दोघी होत्या, प्रिया आणि रश्मी. रश्मीचा मामा नागपुरात. तो तयार हेल्मेट पाठवायला एका पायावर उभा. सरांनी स्पष्टच सांगितलं, ज्याचं हेल्मेट दमदार, त्याचा सेनापती. तेव्हा प्रिया सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "माझे बाबा मूर्तिकार आहेत."

याआधी ती 'सिमेंटचं काम करतात' एवढंच सांगायची. हे मुखरूला माहीत होतं. म्हणूनच तो पहाटे चारला उठून माती मळायला बसला होता.

हाताशी बारा दिवस होते.

*

काम त्याने रीतसर धरलं होतं. सुतळीने पोरीच्या डोक्याचं माप घेतलं, मडकं पालथं घातलं, त्यावर चाळलेली माती चढवली. रागीट तोंड करायचं, असं मनाशी घोकत भुवया वर ओढल्या. त्या हळूच कमानदार झाल्या. डोळे टक्क उघडे केले. पाणी मारून गुळगुळीत करता करता अंगठ्याने पापण्या खाली आणल्या. अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं. वर अँटेना बसवायला मातीचा गोळा ठेवला, तर तो बुद्धाच्या माथ्यावरचा उंचवटा, उष्णीष, दिसायला लागला. गोळा काढला. मग कपाळ इतकं प्रसन्न दिसू लागलं की त्याने गोळा परत ठेवला.

प्रिया समोर मांडी घालून बसली. "बाबा, हा पाचशे कोटी मैलांवरून आला आहे. लोकांची राख कराले."

"हो."

"मग हसून काऊन राह्यला?"

"मी नाई हसवला त्याले."

"दात द्या ना मंग."

मुखरूने दात दिले. ओठ त्यांच्यावर अलगद मिटले.

*

विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच संध्याकाळी आलेला मेसेज :

"सर्वांना जय भीम. कळविण्यास अत्यंत आनंद होतो की आपल्या गावचे शिल्पकार आयु. मुखरूभाऊ आपल्या विहाराकरिता तथागतांची नवी अर्धमूर्ती स्वेच्छेने घडवीत आहेत. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. शब्द नाहीत. – लहानू, सचिव."

खाली एकशे चौदा जोडलेले हात.

झालं असं की लहानूभाऊ विळा मागायला आले होते. फडकं बाजूला होतं. ते उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मुखरूभाऊ, आजपर्यंतचं सगळ्यात सुंदर हाय. विहारासाठी ना?"

मुखरूच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं. पण रडणाऱ्या माणसाला 'नाही, हा पृथ्वी बेचिराख करणार आहे' असं कसं सांगायचं? त्याने मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली हे त्यालाही नक्की आठवत नव्हतं. लहानूभाऊंना आठवत होतं. विळा तिथेच विसरून ते गेले, आणि तासाभरात माणसं पाहायला यायला लागली.

रात्रीच्या जेवणाला मुखरूने तोडगा काढला. "एकच साचा करू. एक प्रत विहारात, एक प्रियाले. रंग वेगळा मारू. कोनाले कळते?"

"मले कळते," कलाबाई म्हणाली.

"तूच तं म्हनतं, आपला तो देव नाई म्हनून."

"देव नाईच. शिकवनारा हाय." तिने ताटात भात वाढला. "शिकवनाऱ्याच्या डोक्यात डोकं घालत नाई."

मुखरूने प्लास्टरचा साचा केला, प्रत काढली आणि पुसून, पांढऱ्या कपड्यात गुंडाळून विहारात पोचती केली. त्याचा सत्कार झाला. घरी येऊन त्याने तेच मडकं पुन्हा पालथं घातलं.

हाताशी सहा दिवस होते.

*

त्याला नमुना हवा होता. अठ्ठावीस वर्षं डोळ्यांसमोर शांती ठेवून बसलेल्या माणसाला राग कसा दिसतो हेच आठवत नव्हतं. आरशात स्वतः रागावून पाहिलं. पोट दुखणारा माणूस दिसला. प्रियाला रागव म्हटलं, तर ती रडली. "रश्मीचं हेल्मेट उद्या येऊन राह्यलं बाबा. लाल लाइट लागते त्याच्यात."

प्रिया कॉलेजात गेल्यावर त्याने कलाबाईला समोर स्टुलावर बसवलं.

"राग आन."

"काऊन?"

"तोंड पायजे."

"मले राग नाई आला."

"थोडा आन ना."

"आनाले तो काय नळ हाय?"

मुखरूने हातात माती घेतली. "कालच्या भाजीत मीठ नव्हतं."

"मंग मांगाचं होतं."

"तुह्या भावाले मी आळशी म्हनलो. चार लोकांत."

"हायच तो."

मुखरू थांबला. त्याने दाराकडे पाहिलं. पोरीचा सेनापती हातातून चालला होता, आणि त्याच्याजवळ आता एकच वस्तू उरली होती. ती त्याने दोन वर्षं जपून ठेवली होती.

इथे सांगायला हवं की कलाबाई गावच्या महिला बचत गटाची अध्यक्ष होती. गटाने गावातला खर्रा बंद करायची मोहीम काढली, तेव्हा सुपारी-तंबाखूची ती पुडी सर्वांत आधी सोडणारा पुरुष म्हणून मुखरूचा शाल देऊन गौरव झाला होता. त्याचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होता. खाली लिहिलं होतं : 'यांच्यापासून शिका.'

"मी खर्रा सोडला नाई," मुखरू म्हणाला.

कलाबाई ऐकत होती.

"शाल घेतली, त्या दिवशीबी गालात होता. म्हनून भाषन नाई केलं."

कलाबाई ओरडली नाही. तिच्या पापण्या सावकाश खाली आल्या, अर्ध्यावर थांबल्या. ओठ एकमेकांवर टेकले. खांदे सैल झाले. अंगणातली कोंबडी दाणे टिपायची थांबली आणि कुडाच्या मागे गेली.

मुखरूचे हात चालू लागले. पापण्या त्याच होत्या, अठ्ठावीस वर्षांच्या. ओठही तेच. फरक फक्त नाकपुडीशी होता. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी घडी पडली होती. ती त्याने नखाने काढली, आणि मातीतल्या त्या तोंडाकडे पाहून दोन पावलं मागे सरकला.

तीन तास कलाबाई हलली नाही. मग उठली, साडी झटकली आणि गटाच्या बैठकीला गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं.

प्रिया घरी आली, तिने फडकं उचललं.

"सॉरी," ती म्हणाली. मग भानावर आली. "बाबा... मी काय केलं?"

"काईच नाई."

"मंग मी सॉरी काऊन म्हनली?"

मुखरूने नव्या तोंडाच्या साच्याला आतून साबणाचं पाणी लावलं.

*

चिंचोक्याची खळ, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सात थर, ऊन. दोन फाका जोडल्या, घासल्या, चंदेरी रंग मारला. प्रियाने ते हेल्मेट घालून सरांसमोर उभं राहून दाखवलं. सर म्हणाले, "रश्मी, तुझं हेल्मेट परत पाठव." रश्मी वाद न घालता पृथ्वीवासी झाली.

अडचण एकच उरली. डोळे अर्धे मिटलेले, त्यामुळे फटीतून फक्त जमीन दिसत होती.

"हळू चाल," मुखरूने सांगितलं.

*

संहितेत होतं ते असं :

(सेनापती प्रवेश करतो. पृथ्वीवासी निर्भयपणे हसतात.)
शास्त्रज्ञ : चालता हो! आमच्याजवळ किरणतोफ आहे!
(घनघोर युद्ध. सात मिनिटं. सेनापती कोसळतो.)

गडचिरोलीच्या सभागृहात दुपारी झालं ते असं :

सेनापती आला. जमीन चाचपत, एकेक पाऊल टाकत आला. मागच्या बाकांवरच्या शिट्ट्या बंद झाल्या. सेनापती मधोमध थांबला आणि काही बोलला नाही.

शास्त्रज्ञ झाला होता धनराज. कॉलेजातला सगळ्यात आवाजी मुलगा. त्याने किरणतोफ उचलली, त्या तोंडाकडे पाहिलं, आणि तोफ हळूच खाली ठेवली.

"चुकलं माह्यं," धनराज म्हणाला.

विंगेत सरांनी कपाळावर हात मारला. पण मागचा पृथ्वीवासीही पुढे आला. "मी नाई काई केलं. यानंच सुरू केलं होतं." रश्मीने थर्मोकोलची बंदूक धनराजच्या तोफेशेजारी नीट, सरळ रेषेत ठेवली. मग सगळ्यांनीच ठेवल्या.

प्रियाला आतून फक्त पाय आणि शस्त्रं दिसत होती. युद्धाची सात मिनिटं शिल्लक होती आणि समोर लढायला कोणी नव्हतं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"पुन्हा करसान?" तिने विचारलं.

"नाई," अख्खी पृथ्वी एका सुरात म्हणाली.

पडदा पडला. शेवटच्या रांगेतले दोन प्रेक्षकही 'नाई' म्हणाले होते.

परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. 'शस्त्राशिवाय जग जिंकता येतं, हा विचार इतक्या थोडक्यात मांडलेला आम्ही पाहिला नव्हता,' असं त्यांनी लिहिलं. माइकवर प्रियाला विचारलं, हेल्मेट कुठून आणलं? ती म्हणाली, "बाबांनी केलं. मूर्तिकार आहेत." मग माइक जवळ ओढून, "मोठे आहेत."

प्रेक्षकांत बसलेल्या मुखरूने बायकोकडे पाहिलं. कलाबाई सरळ समोर बघत होती.

*

परतीच्या एसटीत जागा मिळाली. प्रिया खिडकीशी बसून लगेच झोपली. मुखरू पलीकडच्या बाकावर. मध्ये कलाबाई, हेल्मेट तिच्या मांडीवर, तोंड वाटेकडे करून.

आरमोरीच्या अलीकडे कंडक्टर आला. त्याने मांडीवरच्या तोंडाकडे पाहिलं. मग वरच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मशीनवर ठेवलेलं बोट तसंच राहिलं.

"ताई," तो अतिशय आदराने म्हणाला, "तीन तिकिटं का चार?"

हे तोंड कुठून आलं, हे मुखरूने घरी, कॉलेजात, कुठेच कोणाला सांगितलं नव्हतं. पाच दिवसांत कलाबाईही एक शब्द बोलली नव्हती.

कलाबाईने हेल्मेट दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. नाकपुडीजवळच्या घडीवरून अंगठा फिरवला.

"तीनच द्या," ती म्हणाली. "हे बी माह्यंच हाय. चांगलं झालं हाय."

कंडक्टरने तीन तिकिटं दिली आणि पाठ न दाखवता पुढच्या बाकाकडे गेला.