मेश्राम फोरमनची गाडी आणि माझा ड्रॉवर

मेश्रामांच्या अंगणात एक दार उभं होतं. घराचं नव्हे, घराचं दार जिथे असायला हवं तिथेच होतं. हे मोटारीचं दार. दोन सागवानी खांब जमिनीत रोवून त्यांच्यामध्ये बिजागऱ्यांवर बसवलेलं. दाराच्या अलीकडे अंगण आणि पलीकडेही अंगणच. मेश्रामांच्या मोटारीत ज्याला बसायचं असेल त्याने आधी या दारावर सराव करायचा. पाच वेळा उघडायचं, पाच वेळा लावायचं. आवाज हलका आला तर पास. 'धाड्' असा आला की उमेदवार नापास. आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीतले एक निवृत्त हेडमास्तर तीनदा नापास झाले आणि त्यांनी मोटार या वाहनाबद्दलच वाईट मत करून घेतलं.

"दरवाजा आपटाचा नसते, बाबू, लावाचा असते," मेश्राम मला समजावत. मी विमा कंपनीच्या कचेरीत कारकून, म्हणून 'बाबू'. ते बसगाड्यांच्या वर्कशॉपातले फोरमन, नुकतेच निवृत्त झालेले. ही सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. आमची घरं समोरासमोर होती.

गाडी एकोणीसशे चौतीस सालची, विलायती. उमरेडकडच्या एका मालगुजाराच्या गोठ्यात ती पडून होती. आत कडबा भरलेला आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मेश्रामांनी ती कडब्यासकट विकत घेतली, बैलगाडीला बांधून नागपूरला आणली आणि पुढची अकरा वर्षं दर रविवारी तिच्या खाली झोपून काढली. न मिळणारे भाग ते स्वतः घडवत. इतवारीतल्या भांडेबाजारात जाऊन पितळेची परात आणायची आणि तिच्यातून हेडलाइटची कडी काढायची, असा कारभार. त्यांची बायको त्या काळात वारली. ती गेल्यावर मुलगीही लग्न होऊन भंडाऱ्याला गेली. गाडी तेवढी हळूहळू उभी राहिली.

रस्त्यात कुठलीही गाडी उभी दिसली की मेश्राम तिच्या बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटत आणि निदान सांगत. एकदा आमच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या टॅक्सीचं निदान त्यांनी असं गंभीरपणे सांगितलं की पाहुण्यांनी घाबरून परतीची रेल्वेची तिकिटं काढली. टॅक्सी रिकामी वर्ध्याला निघाली आणि बुटीबोरीला बंद पडली. तेव्हापासून वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन आलं.

वजन होतं, पण त्याची एक गंमत होती. कोणाची स्कूटर बिघडली की तो फाटकापाशी येऊन 'मेश्रामजी' अशी हाक मारायचा आणि फाटकापाशीच उभा राहायचा. मेश्राम हात पुसत बाहेर येत, स्कूटर चालू करून देत आणि चहा आणू का विचारत. त्यावर प्रत्येकाचा चहा नुकताच झालेला असे. त्यांच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि खाली छप्पन्न सालच्या दीक्षेच्या दिवशीचा, पांढऱ्या कपड्यांतल्या तरुण मेश्रामांचा फोटो. तो फोटो आत जाऊन पाहिलेला वस्तीतला बहुधा मीच एकटा. मी रोज साडेपाचला कचेरीतून आलो की त्यांच्याकडे चहाला जायचो. यात माझा मोठेपणा काही नाही, हे आधीच कबूल करतो. मला मोटार चालवायला शिकायची होती.

गाडी पुरी झाली तेव्हा मेश्राम म्हणाले की हिचा पुरा विमा काढायचा. मी कचेरीत चौकशी केली. आमच्या तक्त्यात इतक्या जुन्या गाडीची किंमत भंगाराइतकी. मात्र एक वाट होती. गाडीची सगळी माहिती, फोटो आणि मालकाने मागितलेली किंमत अशी फाइल मुंबईला पाठवायची. तिथून तपासणीला माणूस येणार, त्याने मान्य केलं तर त्या किमतीचा विमा. मी मेश्रामांना माहिती लिहून आणायला सांगितलं.

त्यांनी दोनशे पानी वही आणली. एकेका भागाला एकेक पान. 'डावा मडगार्ड. एकवीस दिवस ठोकला. तेराव्या दिवशी अंगठा चेंदला. आता ठीक आहे.' मडगार्ड ठीक की अंगठा, ते लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर 'मालकाच्या मते किंमत' या रकान्यात त्यांनी आकडा घातलाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'अकरा वर्षांचे रविवार.'

मी ती वही कचेरीत नेली आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांना वाचून दाखवली. आम्ही खूप हसलो. ते आठवलं की आजही मला मान वर करवत नाही. मग मला वाटलं, हे साहेबांपुढे ठेवलं तर उद्या माझंही असंच हसं होईल. वही मी ड्रॉवरमध्ये टाकली. कायद्यापुरता विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तेवढंच भरून देणारा, त्याचा कागद तयार केला आणि मेश्रामांच्या हातात दिला. पुरा विमा झाला काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं समजा."

हे 'झालं समजा' आम्हा कचेरीतल्या लोकांचं लाडकं वाक्य. ते बोललं की काम न करताही केल्याचं समाधान मिळतं. सवडीने वही पाठवू, असं मी मनाशी म्हणालो. सात महिने सवड झाली नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही उमरेड रोडवर निघालो. माझ्याकडे शिकाऊ लायसन होतं. मेश्राम शेजारी बसले होते आणि गाडीशी बोलावं तसं माझ्याशी बोलत होते, आस्ते, आस्ते. परत येताना एका बसथांब्यावर मला आमचे साहेब उभे दिसले. तीच काळी टोपी, तीच छत्री. आपला कारकून अशी गाडी चालवतो हे साहेबांनी पाहायलाच हवं होतं. मी उजवा हात बाहेर काढून जोरात हलवला आणि साहेब बघतात की नाही ते बघायला मान वळवली.

गाडी रस्ता सोडून उतारावरून खाली गेली आणि बाभळीवर आदळली. पुढचा भाग दुमडला. मेश्रामांनी पत्र्याखाली बसवलेल्या सागवानी सांगाड्याचा कडकडाट अजून माझ्या कानात आहे. मेश्रामांच्या कपाळाला टेंगूळ आलं, मला खरचटलंही नाही. थांब्यावरची माणसं धावत आली. टोपीवाला गृहस्थही आला. तो आमचा साहेब नव्हताच.

मी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडलो. मेश्राम आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. बॉनेट उरलं नव्हतं, तरी त्यांनी जिथे ते असायचं तिथे हात ठेवला. मग माझ्याशेजारी येऊन बसले.

"काहून रडून राहिला गा?" ते म्हणाले. "पुरा विमा आहे ना तिचा. तूच तं केला."

मी आणखी जोराने रडलो. त्यांना वाटलं असेल, धक्क्याने रडतोय.

गाडीचा सांगाडाच पिळला गेला होता. कामठीला एका गृहस्थाकडे अगदी तशीच दुसरी गाडी सडत पडली होती. विम्याचे पैसे आले असते तर ती घेऊन दोन्हींची मिळून एक करता आली असती. नाहीतर ही भंगारात जाणार. मला हे सगळं माहीत होतं. कचेरीत मी वही बाहेर काढली. आवक शिक्क्याची तारीख सात महिने मागे फिरवली. शिक्का शाईवर दाबला आणि वहीवर धरला. शिक्का मारायचं धैर्य झालं नाही. त्याला प्रामाणिकपणा म्हणू नका, मी पकडलं जाण्याला भ्यालो. आठ दिवस मी मेश्रामांकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी वही काखेत धरून गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

मेश्राम स्टोव्हला पंप मारत होते. त्यांनी पंप मारणं थांबवलं नाही.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पोट्टी आली होती भंडाऱ्याहून. तिनं तो इंग्रजी कागद वाचून देल्ला मले."

मला आधी कळेचना. मग त्या दिवशी रस्त्यावर पुरा विमा आहे असं का म्हणालात, असं मी विचारलं.

"तू रडून राहिला होता. काहीतरी म्हणा लागत होतं."

"पण उन्हाळ्यातच मला का नाही विचारलंत? मी दुसऱ्या दिवशी वही पाठवली असती."

त्यांनी भांडं स्टोव्हवर ठेवलं, दोन कपांचं पाणी मोजून ओतलं.

"इचारलं असतं तं तुले शरम वाटली असती, बाबू. मंग तू चहाले येणं बंद केलं असतं. दुसरं कोण येते इथं?"

मी चहा प्यालो.

गाडी पुढच्या महिन्यात भंगारवाल्याने नेली. त्यानंतर मी मेश्रामांकडे दोनदा गेलो असेन, तीनदा असेल. समोर बसलं की मला त्यांच्याकडे बघता येईना. साडेपाचच्या सुमाराला ते फाटकाशी येऊन उभे राहत. ते दिसू नयेत म्हणून मी स्कूटर मागच्या गल्लीने घालायचो आणि परसदारातून घरात शिरायचो. बदली होऊन अकोल्याला जाईपर्यंत मी तसंच केलं.