गावंडे काकांनी कूलर बंद केला

गावंडे काकांच्या घरी कुणीही गेलं की ते आधी त्याचा कान धरतात. ओळखीचा असो, अनोळखी असो, मीटरचं रीडिंग घेणारा असो की नात्यातला व्याही. दोन बोटांत कानाची पाळी धरायची, डोळे मिटायचे, डॉक्टर नाडी पाहतात तसं क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा, "गरम हाय. बसा." मग तुम्हाला दंडाला धरून कूलरसमोरच्या लोखंडी खुर्चीत बसवलं जातं. आपण कशासाठी आलोय ते सांगायला तोंड उघडावं, तर "पह्यले थंडे व्हा, मंग बोला." थोड्या वेळानं पुन्हा कान. पाळी गार लागली की पाणी, आणि पाणी पिऊन झालं की तुम्हाला बोलायची परवानगी.

मी लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा नव्या सुनेचाही कान त्यांनी असाच धरला होता. माझं माहेर अमरावती. आम्ही अमरावतीकर स्वतःला जरा सुधारलेले समजतो, त्यामुळे मला भयंकर राग आला. सासूबाई म्हणाल्या, "त्यायच्या मनात काई नसते वं. कूलरवाले हायेत ते." जणू कूलरवाल्यांना लोकांचे कान धरायचा परवानाच मिळतो. आता इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माझा राग उतरलाय. तरी दुपारी शाळेतून परतताना त्यांच्या फाटकासमोर मी ओढणी कानावर नीट ओढून घेते. लोकांना वाटतं, उन्हासाठी.

काकांचं बाजारात कूलर बनवायचं दुकान होतं. पत्रा कापण्यापासून बाजूच्या ताट्यांमध्ये वाळा भरण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. दुकान आता पुतण्या पाहतो, पण होळी झाली की काकांच्या अंगात येतं. कॉलनीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते माळ्यावरचा कूलर खाली उतरवायला लावतात, पंप फिरवून पाहतात आणि जुन्या ताट्या बदलल्या नसतील तर घरधन्याला पोरासारखं रागावतात. टीव्हीवर सगळ्यात जास्त तापमान अकोल्याचं सांगितलं की पोरगं बोर्डात आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. एखाद्या दिवशी अमरावतीचं नाव आलं, तर भिंतीवरून मला हाक येते, "अमरावतीचं ऊन म्हंजे काई ऊन हाय काय, मॅडम? ते तं कवळं ऊन!"

भाचीच्या लग्नात त्यांनी तिवस्याला आपल्या हातचे मोठाले कूलर नेऊन मांडवात लावले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि काकांनी बटण दाबलं. अंतरपाट नवरदेवाच्या तोंडाला गुंडाळला गेला, अक्षता उलट फिरून पाहुण्यांच्याच डोळ्यांत गेल्या, आणि भटजींचं उपरणं नंतर सापडलं ते जेवणाच्या पंगतीत, कढीच्या गंजाजवळ. नवरदेवाचे वडील लालबुंद झाले. काका शांतपणे म्हणाले, "पन कोनाले घाम आला काय, ते सांगा." भातकुलीला त्यांच्या साडूची दुभती म्हैस उन्हानं दूध कमी देत होती, तर काकांनी गोठ्यात कूलर बसवून दिला. म्हैस चरायला जायचंच विसरली. साडू अजून त्यांच्याशी बोलत नाही.

या सगळ्या गोंधळात काकू कुठेतरी मागे असायच्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि त्यानंतर काकांचा कूलर दिवसरात्र चालू राहायला लागला. रिकाम्या घरात काहीतरी आवाज हवा असेल, असं आम्ही समजलो.

यंदा चैत्रात काका कुणाचा तरी कूलर दुरुस्त करायला पातूरला गेले आणि येताना बदकाची सहा पिल्लं घेऊन आले. मी भिंतीपाशीच होते. मला कुठलीही जनावरं, पाखरं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

"हे काय आणलंत, काका?"

"बाजारात भर उन्हात ठेवले होते हो त्यायले! टोपल्यावर फडकं बी नाई. मी त्या मानसाले म्हनलं, सावलीत ठेव रे बावा. तो म्हने, विकत घ्या अन् तुमीच ठेवा सावलीत. मंग घेतले."

"आणि आता करणार काय त्यांचं?"

"काय म्हंजे? थंडे करीन."

पिल्लं पिवळीधमक होती, एकेक मुठीत मावेल एवढी. त्यांचे कान कुठे असतात ते सापडेना, म्हणून काकांनी अंदाजानंच निदान केलं, "गरम हाय." कूलरच्या ऐन समोर परात मांडली, तिच्यात गार पाणी ओतलं आणि सहाही पिल्लं आत सोडली. पिल्लांनी एकच कालवा केला. काकांना वाटलं, उन्हानं तडफडतायत. त्यांनी कूलर दोनवरून तीनवर नेला. पिल्लं आणखी ओरडायला लागली. काकांनी खालची सतरंजी ओली केली. संध्याकाळी मी डोकावले तर पिल्लं खोलीच्या एका कोपऱ्यात एकावर एक चढून बसली होती आणि काका खुर्चीत बसून कौतुकानं पाहत होते. "पाहा मॅडम, कसे जवयजवय बसून राहिले. लय मायाळू जात हाय."

सकाळी त्यांतलं एक मेलेलं होतं आणि एकाला मान उचलता येत नव्हती.

मी शाळेला निघाले होते. काका फाटकात उभे होते, टोपली माझ्यापुढे धरून. मी मुख्याध्यापकांना उशीर होईल म्हणून फोन केला आणि काकांना स्कूटरवर मागे बसवून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर कालपरवा कॉलेजातून निघालेली वाटेल अशी पोर होती. तिनं मेलेलं पिल्लू हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे थंडीनं गेलंय."

"थंडीनं?" काकांना हसूच आलं. "अकोल्यात? चैत्रात?"

कुत्री घेऊन बसलेले दोघंतिघं हसले. मीसुद्धा हसले. डॉक्टर हसली नाही. ती म्हणाली, "यांना अजून पिसं कुठे आहेत? ही नुसती लव आहे. ती ओली झाली आणि वारा लागला की संपलं. एवढ्याशा जिवाला आईच्या पोटाखालची ऊब लागते. कोपऱ्यात एकावर एक चढत होती का?"

"हो जी."

"आणि ओरडत होती?"

"रातभर."

"मग सांगतच तर होती ती तुम्हाला."

परत येताना काकांनी गळ्यातला दुपट्टा काढून टोपलीवर घातला आणि टोपली पोटाशी धरून बसले. घरी गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. भिंतीपलीकडची घरघर अशी अचानक थांबली तेव्हा माझ्या सासूबाई पूजा अर्धी टाकून बाहेर आल्या. "पाह्य वं जरा, गावंडे बरे हायेत ना?" समोरच्या घरातूनही कुणीतरी तेच विचारायला आलं.

उरलेली पाच जगली. मान टाकलेलंसुद्धा दोन दिवसांनी कण्या खायला लागलं. आणि मग ती वाढायला लागली. किती भराभरा वाढली म्हणून सांगू! सोमवारी पाहिलेलं पिल्लू शनिवारी ओळखू येईना. आधी पाय वाढले, मग मान, मग नुसतं पोट. चपलांच्या खोक्यात मावेनात म्हणून काकांनी एका जुन्या कूलरचा पंखा आणि पंप काढून टाकला आणि त्या पत्र्याच्या सांगाड्यात त्यांचं घर केलं. तेही लवकरच अपुरं पडलं. काका रोज सकाळी मला भिंतीपाशी बोलावून विचारत, "मॅडम, हे कालचंच हाय काय हो? का कोनी बदलून ठेवलं?" आणि पिल्लांना म्हणत, "जरा दम धरा नं बे. कायची घाई हाय तुमाले?" ते हे गमतीनं म्हणतात असं मला वाटायचं, पण त्यांचा चेहरा खरोखर उतरलेला असायचा.

किराणा आणायला काका निघाले की मागून पाचही जण रांगेनं निघत. कॉलनीतल्या लोकांना मोठी मौज वाटे. मला वाटत नसे. वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि पहाटेपासून आरडाओरडा. मी तसं तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "आरडत नाईत जी. सांगून राहिले."

आता जरा कुठे आवाज झाला की काका हातातलं टाकून धावत जायचे. "काय म्हनता? थंडी वाजते?" खिडक्या लावून घेतल्या. भर मे महिन्यात रात्री पिल्लांवर पोतं पांघरायचं. पंखासुद्धा एकवर. त्या भट्टीत काका बनियनवर बसून असायचे, घामाच्या धारा लागलेल्या. साऱ्या कॉलनीला गार करणारा माणूस स्वतः उकडून निघत होता आणि कुणाचं ऐकत नव्हता.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी उठून गेले.

बदकं आता पुरती मोठी झाली होती, पांढरीशुभ्र पिसं आलेली. पाचही जमिनीवर पसरली होती, चोची उघड्या, पंख अंगापासून दूर धरलेले, गळे लटलट हलत होते. एकानं मान फरशीवर टाकली होती. काका पोतं हातात घेऊन शेजारी बसले होते.

"पाहा नं मॅडम. आवाजच करत नाईत. काय पाह्यजे ते सांगतच नाईत."

"काका, उकडून मरतायत ती! कूलर लावा."

"नाई."

"अहो, लावा म्हणते ना!"

"नाई लावत. पुन्हा नाई." आणि ते उठून बटणाकडे पाठ करून उभे राहिले.

माझा स्वभाव तापट आहे. मी शाळेतल्या आवाजात ओरडले, की असा हट्ट माणसानं करू नये, मुक्या जिवांचे हाल होतायत, तुम्हाला दिसत नाही का. ते ऐकून घेत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "तिले बी थंडी वाजे."

कोणाला ते मला क्षणभर कळलं नाही.

"ती म्हने, अवो, बंद करा जरा, मले थंडी वाजते. मी म्हनो, अकोल्यात कुठची थंडी वं? अन् हासो. आल्यागेल्याले सांगून हासो. मंग तिनं म्हननंच सोडलं. जेवनं झाले की सैपाकघरात जाऊन बसे. भर उन्हाळ्यात, दार लोटून, गॅसच्या ओट्यापाशी खाली. मले वाटे, इले सैपाकघर आवडते." काकांनी हातातल्या पोत्याची घडी केली. "रक्तच नोतं तिच्या अंगात, मॅडम. डॉक्टरनं सांगतलं तवा लय उशीर झाला होता. साऱ्या गावाले इचारलं, गरम होते काय. तिले नाई इचारलं."

मला फार वाईट वाटलं. पण खाली फरशीवर त्या बदकाची मान तशीच पडून होती, म्हणून मी दवाखान्यातल्या त्या डॉक्टर पोरीला फोन लावला, बदकांची अवस्था सांगितली आणि मोबाइल काकांच्या तोंडासमोर धरला.

"पिसं आली ना आता?" ती म्हणाली. "मग ती पिल्लं कुठे राहिली, काका? तेव्हा जी ऊब लागत होती तीच आता त्यांना मारेल. पाणी ठेवा, कूलर लावा. आत्ता."

"नक्की नं, डॉक्टर?"

"नक्की."

"पाहा बरं. नक्की नं?"

"काका, लावा."

टाकी कोरडी होती, ताट्या वाळून कडक झालेल्या. आमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते अकोलेकरांना सांगायला नको, पण मी घरातल्या भरून ठेवलेल्या बादल्या एकेक करून भिंतीवरून दिल्या. काकांनी पाणी ओतलं. बटणावर बोट ठेवलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पंप आधी खाकरला, मग ताट्या भिजत गेल्या आणि वाळ्याचा वास खोलीभर झाला.

आधी गळ्यांचं हलणं कमी झालं. मग एक बदक उठलं, डुलत डुलत कूलरपाशी गेलं आणि पंख पसरून वाऱ्यात उभं राहिलं. त्याच्यामागे दुसरं. मी परात पाण्यानं भरून मान टाकलेल्या बदकापाशी सरकवली. त्यानं चोच बुडवली, डोकं झटकलं आणि माझ्या अंगावर पाणी उडवलं. मी ओरडले नाही. थोड्या वेळानं पाचही जणांचा असा काही कलकलाट सुरू झाला की मी हसायला लागले आणि काकांना दाखवायला वळले.

काका खोलीत नव्हते.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी ढकलून पाहिलं. खिडकी बंद, आत आग ओतत होती. काका ओट्यापाशी खाली, भिंतीला टेकून बसले होते.

"काका, बाहेर या. हवेत बसा जरा."

"त्यायले बसू द्या, मॅडम. मी बसतो इथं जरासा."

मी माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्यांच्याजवळ ठेवलं आणि बाहेर आले. कूलरच्या आवाजात बदकांचा गलका चालला होता. चप्पल घालताना मला आतून त्यांचा आवाज ऐकू आला. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"कशी बसत होती वं तू इथं?"