गुणवंतरावांचा दुर्मीळ ससाणा

एका वाळवंटात, बाळांनो, झाडं मोजकी होती आणि तज्ज्ञ एकच होता. त्याचं नाव गुणवंतराव. जातीनं सरडा, व्यवसायानं पक्षितज्ज्ञ.

तिथले बाकीचे प्राणी अडाणी. वरून सावली सरकली की बिळात शिरायचे. सावली कुणाची, हे विचारायला कुणी थांबत नसे. गुणवंतरावांना याची फार लाज वाटे.

"अरे, आधी पक्षी ओळखा, मग पळा," ते म्हणत.

एका सकाळी सरपंच ठकूबाई उंदरीण धापा टाकत आल्या.

"गुणवंतराव, शमीच्या झाडावर कुणीतरी बसलंय. चोच वाकडी आहे. नजर काही चांगली नाही."

"नजर राहू द्या. छाती कशी आहे?"

"छाती बघायला मी थांबले नाही हो!"

"इथेच आपण मागे पडतो," गुणवंतराव म्हणाले आणि स्वतः निघाले.

पक्ष्याच्या छातीवर तपकिरी थेंब होते. गळ्यावर मधोमध एक रेघ. असला पक्षी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि आपण पाहिलं नाही ते दुर्मीळच असणार, एवढा त्यांचा अभ्यास होता.

"हा बर्फाळ डोंगरांतला ससाणा," त्यांनी जाहीर केलं. "शंभर वर्षांतून एकदा येतो."

ठकूबाईंनी लगेच पाटी लावली: 'दुर्मीळ पाहुणा. कृपया पळू नये.'

फक्त शेपटीवरचे पट्टे मोजायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी गुणवंतराव झाडाखाली जाऊन उभे राहिले. चार पट्टे मोजले. पाचवा मोजताना ते हवेत होते.

"आपण कोण?" त्यांनी पंजातून विचारलं. मरतानाही नोंद पक्की हवी.

"शिक्रा."

"साधा शिक्रा? मग छातीवरचे हे थेंब?"

"मी लहान आहे अजून. मोठी झाले की जातील, असं आई म्हणते."

पोर शिकारीत नवीन होती. बोलता बोलता पंजा सैल झाला आणि गुणवंतराव वाळूत आदळले. कसेबसे बिळात शिरले.

पाठ ठणकत होती. पण त्याहून जास्त ठणकत होता तो शब्द. शिक्रा! रोज दिसणारा शिक्रा! त्याचं पोरही आपल्याला ओळखता आलं नाही! त्यांना स्वतःचंच हसू आलं. हसताना बरगड्या दुखल्या.

संध्याकाळी ते लंगडत ठकूबाईंकडे गेले.

"बाई, मी चुकलो. तो साधा शिक्रा आहे. पाटी काढा आणि सगळ्यांना पळायला सांगा."

"तुम्हाला मार लागलाय. पडून राहा बघू," ठकूबाई मायेनं म्हणाल्या. "पलीकडच्या टेकडीवरून मंडळी बघायला निघालीत. आता साधा म्हणून कसं चालेल?"

सकाळी सगळे उघड्यावर जमले. गुणवंतराव बिळाच्या तोंडाशी उभे राहून घसा फोडून ओरडले, "शिक्रा आहे! आत या!"

"साधा असता तर एवढी गर्दी झाली असती का?" कुणीतरी म्हणालं.

ठकूबाई स्वागताचं भाषण करायला पुढे झाल्या. एका रात्रीत पोरीचा पंजा सुधारला होता. भाषण अर्धंच राहिलं.

गुणवंतरावांना फार वाईट वाटलं. दोन दिवस घास उतरला नाही. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. चुकीचा का असेना, आपला शब्द केवढा चालला!

तात्पर्य: तज्ज्ञानं आपली चूक चारचौघांत बेधडक कबूल करावी. त्यावर कुणीही विश्वास ठेवत नाही.