फ्लेक्सवरची मुलगी

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी स्नेहल दुधाटे वट्टमवार सरांच्या क्लासच्या फ्लेक्सवर चढली आणि पद्धतीप्रमाणे पुढचा निकाल लागेपर्यंत तिथंच राहिली.

पूर्वी नुसता फोटो लावत. पण पहिल्या आलेल्या मुलाचा एकच फोटो गावातले चार क्लास आपापल्या फ्लेक्सवर छापायचे आणि पोरगं आमचंच म्हणून भांडायचे. वट्टमवार सरांनी हा घोळ निस्तरला. त्यांनी फोटोऐवजी मूलच वर घेतलं. मूल काही एका वेळी चार ठिकाणी राहू शकत नाही. पालकांना हे पटलं. पालकांचं काय, टक्क्यांपुढं त्यांना काहीही पटतं.

पहिला आठवडा अरुणाचा, म्हणजे स्नेहलच्या आईचा, तोऱ्यात गेला. बसस्टँडसमोर लेक झळकत होती. हाताची घडी, तोंडभर हसू आणि डोक्यावर ठळक अठ्ठ्याण्णव टक्के. पाहुणे खाली उभे राहून सेल्फी काढत. अरुणा दोन्ही वेळा शिडी लावून तिला भरवायची. स्नेहल हसत हसतच घास घ्यायची, कारण हसू मोडायला परवानगी नव्हती.

एके दिवशी घास गिळून ती म्हणाली, "आई, माझे पाय कुठायत?"

अरुणानं वाकून पाहिलं. फ्लेक्स तिच्या कमरेशी संपत होता. त्याखाली क्लासचा मोबाईल नंबर होता.

अरुणा तशीच क्लासमध्ये गेली. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"वहिनी, फ्लेक्सवर कमरेच्या वरचंच घेतात. सगळीकडं तसंच असतं."

"अन् खालचं?"

"ते आमच्याकडं सुरक्षित आहे. मला सांगा, टक्के मिळवायला पाय लागले का कुठं?"

"खो-खो खेळायची सर ती. नववीपर्यंत."

"नववीपर्यंतच ना," सर समजुतीनं म्हणाले. "तुम्हीच बंद केलं, म्हणून तर हा दिवस दिसला."

हे खरं होतं. अरुणा चहा न पिता उठली.

संध्याकाळी फ्लेक्सखाली तबस्सुम यायची. ती स्नेहलच्या खो-खोच्या संघातली. हिचे टक्के बेताचे, त्यामुळे पाय जागेवर होते. कोण पडलं, कोण रुसलं, सगळं ती मान वर करून सांगायची. सरांचा निरोप आला की, गुणवंत मुलगी मैत्रिणीशी बोलताना दिसली तर पालकांत चुकीचा संदेश जातो. तेव्हा स्नेहलच्या वडलांनी, माधवरावांनी, तबस्सुमला हटकलं. "पोरी, तिला डिस्टर्ब करू नको. करिअर चालू हाय तिचं."

मग ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहू लागली. स्नेहलचे डोळे तेवढे तिच्याकडं वळायचे. दिवाळीनंतर तेही वळेनात. घास ओठाशी नेला तरी तोंड हलेना. अरुणा रडतच सरांकडं गेली. सर म्हणाले, "काळजी नको, सेट झाली."

वर्ष सरलं. नवा निकाल लागला, नवा मुलगा वर चढला. क्लासच्या माणसांनी स्नेहलला उतरवलं, गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि माधवरावांच्या स्कूटरवर आडवं ठेवून दिलं. घरी तिला फरशीवर पसरलं. कोपरे वर येत होते म्हणून त्यांवर तांदळाचे, कणकेचे डबे ठेवले.

"बाळा, ऐकू येतंय का?" अरुणानं विचारलं. स्नेहल हसत होती.

"रंग बघ," माधवराव म्हणाले. "जरासुद्धा उडाला नाही."

आग लागो असल्या कौतुकाला. तेवढ्यात शेजारचे काका डोकावले आणि फ्लेक्स जुना झालाच आहे, तर गच्चीवरचं सामान झाकायला देता का, असं विचारून गेले. माधवराव म्हणाले, "बघतो."

अरुणा त्यांच्याकडं पाहतच राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या कानाखाली एकदाही वाजवली नाही याचं तिला त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं.

दारात तबस्सुम उभी होती. "काकू, एक गडी कमी पडायलाय. स्नेहलला पाठवता का?"

"पाय नाहीत गं तिला."

"रांगेत पाटीवर बसंल की. बसून खो देता येतो." ती फ्लेक्सशी उकिडवी बसली. "येतीस का गं?"

स्नेहलचं हसू मिटलं. वर्षात पहिल्यांदाच मिटलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, कपाळाकडं ओघळलं आणि वरचे टक्के भिजू लागले.

माधवराव टॉवेल घेऊन धावले. "अगं, आकडा फिसकटंल."

अरुणानं टॉवेल हिसकावून घेतला. "फिसकटू द्या."

आकडा पार पुसला जाईपर्यंत तिनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. मग दोघींनी स्नेहलला हलक्या हातानं गुंडाळलं. तबस्सुमनं गुंडाळी खांद्यावर टाकली आणि दोघी मैत्रिणी मैदानाकडं गेल्या.

अरुणानं स्वयंपाकघरातून विळा घेतला आणि लेकीचे पाय मागायला ती क्लासकडं निघाली. वाटेत बसस्टँड लागणारच होतं, तिथल्या फ्लेक्सच्या दोऱ्या आधी कापायच्या होत्या. नवा मुलगा आजच वर चढला होता, त्याचे पाय अजून थंड झाले नसतील.