हमीदमामूंचं फाटक

हमीदमामूंचा मला राग येतो. गेली तीन वर्षं येतोय आणि हे लिहायला बसलो तेव्हाही येतच होता.

सुरुवात झेंडीनं झाली. मला साधी सर्दी झाली होती. सकाळी कॉलेजला निघालो, दार उघडलं, तर बाहेरच्या कडीला लाल झेंडी बांधलेली. खेळण्यातली नव्हे, खरी, रेल्वेची. समोरच्या जाधवांच्या मुली शाळेला निघाल्या होत्या, त्या माझ्या दारापुरतं नाक दाबून पळत गेल्या. मी झेंडी उपटली आणि तरातरा खाली आलो. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी खुर्ची टाकून हमीदमामू बसले होते, तोंडावर मास्क.

"मामू, हा काय चावटपणा आहे?"

"काल संध्याकाळधरनं अकरा शिंका हाणल्या तुमी, सर," ते शांतपणे म्हणाले. "मी खालून मोजल्या. लाइन क्लियर नाय तुमची."

आता सांगा, चिडायचं नाही तर काय करायचं? मी एका जूनियर कॉलेजात शिकवतो. सत्तर पोरं माझं ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. आणि इथं माझ्याच इमारतीत माझ्या शिंकांवर पहारा!

उस्मानपुऱ्यातली आमची इमारत तीन मजली, सहा घरांची. लिफ्ट नाही, जिना एकच, आणि त्या जिन्याला लागून तळमजल्यावर मामूंचं घर. म्हणजे वर जाणारं माणूस असो की गॅसचं सिलिंडर, मामूंच्या खुर्चीवरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. मामू एकतीस वर्षं रेल्वेत गेटमन होते. लासूर स्टेशनच्या अलीकडं, शेतांच्या मधोमध त्यांचं फाटक होतं. गाडीची वर्दी आली की फाटक लावायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की उघडायचं. असं एकतीस वर्षं केल्यावर माणसाचं जे होतं, ते मामूंचं झालंय. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात, थांबणारी आणि वाकून जाणारी. बंद फाटकाखालून सायकल आडवी करून काढणाऱ्यांवर त्यांचा असा काही दात आहे की त्यांची आठवण निघाली तरी कान लाल होतात. "काय म्हनतो तो? दोनच मिंटं! अरे मियां, गाडीला बी तुला उडवायला दोनच मिंटं लागत्यात, त्याहून कमीच!"

कोरोनात मामू वेगळे वाटले नाहीत, कारण तेव्हा अख्ख्या शहराचंच फाटक झालं होतं. खरी गंमत बंदी उठल्यावर सुरू झाली. लोकांनी मास्क स्कूटर पुसायला काढले. लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळं दुप्पट जोरानं सुरू झालं, आणि त्यांच्या पाठोपाठ फ्लूही आला. पण त्याची कुणाला भीतीच उरली नव्हती. लोक खोकत खोकत हसायचे. जाधव तर तपासणीचा कागद हातात नाचवत जिना चढले होते. "कोरोना नाही! साधा फ्लू आहे!" पोरगा पास झाल्यासारखा आनंद. खुर्चीवरून मामू ओरडले, "साधा? मालगाडी बी साधीच असती जाधवसाहेब! खाली आल्यावर कळतं!"

त्या पहिल्याच थंडीत मामूंची बायको, खैरुनमामी, न्यूमोनियानं गेली. त्यानंतर महिन्याभरात ती खुर्ची जिन्याशी आली. मी मनात म्हटलं, घर खायला उठतंय, म्हातारा काहीतरी उद्योग शोधतोय, चालायचंच. पण उद्योग कसला शोधला, तर आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना हाकलायचा!

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. न जाणाऱ्याचं नाव निघतं. बिस्किटाचा पुडा किंवा शहाळं घ्यायचं, उशाशी बसायचं, कपाळाला हात लावायचा, "किती उतरलात हो" म्हणायचं, आणि आपल्या मावसभावाला याच दुखण्यात काय काय झालं ते सविस्तर सांगून चहा पिऊन उठायचं. मामूंनी यावरच घाव घातला. ज्या घरात ताप, त्या घराला लाल झेंडी. भेटायला आलेल्याला जिन्यातच प्रश्न, "खोकला? घसा? घरात कोनाला ताप?" उत्तर देताना नुसतं खाकरलं तरी संपलं. "भेटायला आले का वाटून घ्यायला आले? पुडा इथं ठेवा. मी वर पोचवतो. फाटक बंद हाय!" जाधवांच्या सासऱ्यांना त्यांनी मुकुंदवाडीहून आल्या रिक्षानं परत पाठवलं होतं. सासरे ते, तेही मुलीच्या घरी आलेले! जाधवीणबाई आठवडाभर मामूंच्या दाराकडं बघून भांडी आपटत होत्या.

झेंडीचा राग आपल्या जागी, पण या भेटबंदीला मी हसत होतो. माझ्या माणसांवर येईपर्यंत हसायला काय जातंय?

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. छातीनं नाजूक, सकाळ-संध्याकाळ पंप ओढावा लागतो. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, लासूर स्टेशनला दिलेली. ती आली की आईला दोन दिवस पंपाचीसुद्धा आठवण होत नाही. गेल्या थंडीत ताई अशीच आली, हातात हुरड्याची पिशवी, घशात खोकला. मी कॉलेजात होतो, बायको बाजारात. मामूंनी तिला पहिल्याच पायरीवर अडवलं. ताई म्हणाली, "अहो, माझ्या आईकडं आलेय मी." मामू म्हणाले, "म्हनून तं थांबवलं." आईनं वरून तिचा आवाज ओळखला, कठड्याशी येऊन हाका मारल्या. ताई वर बघून रडली, पायरीवर पिशवी ठेवली आणि आल्या पावली गेली. सख्ख्या लेकीला आईच्या जिन्यातून परत पाठवलं या माणसानं!

मी घरी आलो तेव्हा आई जेवली नव्हती. सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी जिन्यातूनच ओरडत खाली गेलो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. मामूही गप्प बसणारे नव्हेत. "तिच्या छातीत घरघर होती, सर! मला ऐकू येतं!" ते ओरडले. सगळी इमारत कठड्याला लागून ऐकत होती. आणि मग मी ते वाक्य बोललो.

"तुम्हाला कुणी भेटायला येत नाही ना, म्हणून दुसऱ्यांच्या भेटी बघवत नाहीत तुम्हाला!"

मामू खुर्चीवरून उठले. मग ते म्हणाले, "हौ. सही बात है." खुर्ची उचलली, घरात नेली आणि दार लावून घेतलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जाधवांनी माझ्याशी हात मिळवला.

खुर्ची गेली आणि जिना मोकळा झाला. पुढच्या दोन आठवड्यांत येणारे आले, जाणारे गेले. कॉलेजचं गॅदरिंग झालं, सातशे पोरं एका मांडवाखाली कोंबलेली. तिसऱ्या दिवशी माझा घसा धरला. मी शिंकलो, खोकलो, कुणी मोजलं नाही, माझ्या कडीला काही बांधलं नाही. साधंच तर आहे म्हणून आईला पंप मीच देत राहिलो, चहा मीच देत राहिलो. म्हणजे ज्या माणसानं लेकीला अडवलं त्याला मी घरात बसवलं, आणि दुखणं आणलं कुणी, तर मी. आईला ताप चढला, ओठ निळसर पडले. चार दिवस दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजन. बाहेर बाकावर बसून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्यांतली एकही मामूंना सुचली नसती.

आई घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा दिवस कुणालाही जवळ येऊ देऊ नका, पुन्हा काही झालं तर छाती सोसायची नाही. दुसऱ्या सकाळी साडेनऊला जाधव सहकुटुंब शहाळं घेऊन हजर. जाधव खाकरत होते. "दोनच मिनिटं," ते म्हणाले आणि आत आले. मी दारात उभा होतो आणि माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. पाठोपाठ वरचे आले. संध्याकाळी माझे कॉलेजातले दोघं. मी सगळ्यांना आत घेतलं आणि चहाही दिला! लोक गेल्यावर बायकोनं कपबशा उचलत ऐकवलं, "मामू वाईटपणा घेत होते, तोवर आपल्याला चांगलं राहता येत होतं."

रात्री आईनं विचारलं, "हमीदभाऊंचा आवाज कसा येईना रे खालून?"

मला सांगावं लागलं, ते वाक्यसुद्धा. आईनं भिंतीकडं तोंड केलं. मग बोलली, थांबत थांबत.

"खैरुन खुब्याचं हाड मोडून पडली होती. साखरेचं दुखणं. कोरोनात दोन वर्षं त्यांनी तिला वारा लागू दिला नाही कुणाचा. मग बंदी उठली तसे हेच दारोदार फिरले, या म्हणाले, आता या, ती माणसांना तरसली. सगळ्यांना चहा स्वतः करून पाजला. मीबी गेले. खोकला होता मला. साधाच. तिचा हात धरून तासभर बसले. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला."

"तुझाच खोकला कशावरून?"

"त्या आठवड्यात खोकणारं मी एकलीच गेले होते तिथं."

"मामूंना माहीत आहे?"

"समोरच तं बसले होते. मला उबळ आली, तर पाणी त्यांनीच आणून दिलं." आई दम घ्यायला थांबली. "एका शब्दानं म्हटलं नाहीत कधी. आणि तू त्यांना असं बोललास."

मी खाली गेलो. पायऱ्या उतरताना मला माझाच इतका राग येत होता की कुणीतरी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मामूंनी वीतभर दार उघडलं. मास्क होताच.

"मामू, माझं चुकलं."

"ते नक्को. वैनीचं ऑक्सिजन किती?"

"त्र्याण्णव."

"अन् वर जत्रा भरवली तुमी!" ते उखडले. "आवाज येतो मला! सकाळधरनं अकरा मानसं! डोकं हाय का, सर? शिकवता काय पोराइला?" मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांचं ओरडून झालं. मग म्हणाले, "ताईला बोलवा. तिची लाइन क्लियर हाय. खोकला गेला तिचा."

"तुम्हाला काय माहीत?"

"रोज फोन लावतो. नंबर तुमच्या घरातूनच घेतला, सूनबाईकडून. पयले चार दिवस निस्त्या शिव्या दिल्या तिनं, लई शिव्या. पन मधी मधी खोकत व्हती. आता आठ दिस झाले, एका दमात देती. मधी एकदा बी अडकत नाय."

दुसऱ्या दिवशी ताई आली. खुर्ची जिन्याशी होती. ताईनं मामूंकडं बघितलं नाही, मामूंनी पाय बाजूला घेतले. ती वर आली आणि आईच्या पांघरुणात तोंड खुपसून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी आईनं दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

चार वाजता आईनं ताईलाच खाली धाडलं, त्यांना बोलव म्हणून. मामू आले, पण उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात. दाराबाहेरच्या पायरीवर बसले, तिथून आईची खाट दिसते. ताईनं चहा नेऊन दिला. तो त्यांनी शेजारी ठेवला, कारण प्यायला मास्क काढावा लागला असता.

"हमीदभाऊ," आई म्हणाली, "त्या दिवशी खैरुनकडं आले तवा खोकत होते मी. तीन वर्षं झाली, सांगायचं धाडस होईना."

मामू एकदम भडकले. मी त्यांचे सगळे राग पाहिलेत, पण असा पाहिला नव्हता.

"कोन म्हनतो? मी समोर बसलो व्हतो! कोन खोकलं, कोन नाय, मला कळत नाय का? तुमी नाय खोकल्या, वैनी! एकदा बी नाय!"

"भाऊ, पाणी तुम्हीच—"

"नाय म्हनलं ना! साफ व्हत्या तुमी! आता बोलू नका, दम लागंल!"

ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. मामू आमच्याकडं पाठ करून पायरीवर बसून राहिले. खांदे हलत होते, पण आवाज अजिबात येऊ दिला नाही त्यांनी.